उभी आकृती आणि ५० लक्स

लंडनच्या टेट संग्रहालयाकडे क्लॉडेट जॉन्सन या चित्रकर्तीचं २०१८ सालचं एक चित्र आहे. नाव जनगणनेच्या फॉर्मवर शोभावं इतकं कोरडं: ‘उभी आकृती, आफ्रिकी मुखवट्यांसह’. कागदावर पेस्टल म्हणजे रंगीत खडू आणि गुआश म्हणजे अपारदर्शक जलरंग, उंची दीड मीटरच्या वर. एक कृष्णवर्णीय बाई उभी आहे आणि सोबत मुखवटे आहेत. वर्णन एका ओळीत संपतं, पण प्रकरण तिथूनच सुरू होतं. कारण चित्र टेटच्या मालकीचं असलं, तरी उद्या तिकीट काढून तुम्ही लंडनला गेलात तर ते भिंतीवर दिसेलच अशी हमी कोणी देणार नाही. अशी चित्रं आयुष्यातला बराचसा काळ अंधारात काढतात.

यात कुणाची खोडी नाही. कागद आणि खडू यांचा तो स्वभावच आहे. पण काळ्या बाईला कलेच्या इतिहासात धड जागाच मिळाली नाही, या जाणिवेतून जिचं सगळं काम उभं राहिलं, तिचंच चित्र संग्रहालयात पोचल्यावर दिवे मालवून ठेवावं लागतं हा तिढा मोठा विचित्र आहे. तो सोडवायचा तर आधी खडूकडे जावं लागेल.

कॉलेजात शेवटच्या वर्षाला मी एका मित्राच्या आजीचं पेस्टलमध्ये व्यक्तिचित्र केलं होतं. बरं जमलं होतं, निदान मला तसं वाटत होतं. सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी ते गुंडाळलं, पुठ्ठ्याच्या नळीत घातलं आणि दादरहून डोंबिवलीला लोकलच्या गर्दीत उभ्यानं घरी आणलं. उलगडून बघतो तर आजीचा उजवा गाल कागदाच्या पाठीवर उमटलेला आणि नळीच्या तळाशी चिमूटभर तपकिरी भुकटी. फिक्सेटिव्ह मारायला हवा होता, हे तेव्हा कळलं. पण सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, ‘मारलास तर रंग बसेल, पण मरेलही.’

सरांचं म्हणणं शब्दशः खरं आहे. पेस्टलच्या कांडीत रंगद्रव्य भरपूर आणि त्याला बांधणारा डिंक अगदी नावापुरता असतो. तैलरंग वाळून कॅनव्हासला घट्ट धरतो तसं इथे होत नाही, कागदाच्या खरखरीत अंगात कण नुसते अडकून बसतात. पेस्टलची मखमल येते ती यातूनच. उजेड कणाकणावर विखुरतो, तेलाचा चकाकता पापुद्रा मध्ये येत नाही. फिक्सेटिव्ह म्हणजे पातळ चिकट फवारा. तो कणांच्या मधल्या पोकळीत शिरला की रंग काळवंडतो आणि मखमल बसते. म्हणून जतनाचं काम करणारी माणसं पेस्टलला होता होईल तो हात लावत नाहीत. चौकट करताना काच आणि कागद यांच्यात बोटभर नसली तरी थोडी फट राखतात. काचेऐवजी साधं ॲक्रिलिक बसवलं, तर केसांवर घासलेल्या कंगव्याला कागदाचे कपटे चिकटावेत तसे रंगाचे कण त्याकडे ओढले जातात, म्हणून तेही खास प्रकारचं लागतं. प्रवासात हादरे चालत नाहीत. थोडक्यात, डोंबिवली लोकल चालत नाही.

आणि उजेड. लक्स हे उजेड मोजायचं एकक. कागदावरच्या कामासाठी संग्रहालयं साधारण ५० लक्सची मर्यादा पाळतात. आपल्या ऑफिसच्या टेबलावर ३०० ते ५०० लक्स असतात, त्यावरून अंदाज यावा. एवढ्या मंद उजेडातसुद्धा चित्र काही महिनेच भिंतीवर ठेवायचं आणि मग अंधारात. याला ‘विश्रांती’ म्हणायची पद्धत आहे, पण शब्द फसवा आहे. माणूस झोपून उठला की ताजातवाना होतो. उडालेला रंग मात्र अंधारात ठेवून परत येत नाही. हे असं बँक खातं आहे ज्यात फक्त पैसे काढता येतात. अंधारात ठेवणं म्हणजे काही काळ पैसे न काढणं, इतकंच.

आता चित्राकडे येऊ.

जॉन्सनच्या चित्रांत पहिल्यांदा जाणवते ती जागेची टंचाई. तिच्या बायका कागदात मावत नाहीत. डोकं वरच्या कडेला भिडतं, कोपर बाहेर जातो, पाय मध्येच कापले जातात. एलिमेंटरीच्या परीक्षेला मी अशी आकृती काढली असती तर ‘आधी कागदावर चित्र बसवायला शीक’ म्हणून मास्तरांनी कान पिळला असता. इथे हे न बसणं ठरवून केलेलं आहे. युरोपच्या चित्रांत कृष्णवर्णीय माणूस शतकानुशतकं असतो, पण कडेला. ताट धरून, छत्री धरून, मालकिणीच्या गळ्यातले मोती जास्त गोरे दिसावेत म्हणून मागे उभा. जॉन्सननं त्या कडेच्या माणसाला इतकं पुढे आणलं की कडच उरली नाही.

दुसरी गोष्ट जवळ गेल्यावरच कळते. ती सगळीकडे सारखं काम करत नाही. चेहरा आणि हात यांच्यावर थरावर थर चढवलेले असतात, कपड्यांपाशी आल्यावर मात्र कांडी दोन सैल रेषा मारून निघून जाते, आणि कुठे कुठे कोरा कागद तसाच सोडलेला असतो. मागची बाजू बहुधा सपाट रंगाची. खोली नाही, खिडकी नाही, ही बाई कुठली, काय करते, पोटापाण्याचं काय, हे सांगणारी एकही वस्तू नाही. बघणाऱ्याच्या हाताला धरायला काही लागत नाही, मग तो मुकाट्यानं चेहऱ्याकडे परत येतो.

कातडीच्या रंगाबद्दल थोडं विषयांतर करतो. आमच्या लहानपणी पोस्टर कलरच्या खोक्यात ‘फ्लेश टिंट’ नावाची एक बाटली असायची. गुलाबीसर, पिकलेल्या पीचच्या सालीसारखी. आमच्या वर्गातल्या एकाही मुलाची कातडी त्या रंगाची नव्हती, तरी शिवाजी महाराजांपासून शेतकऱ्यापर्यंत सगळ्यांना आम्ही तोच रंग फासायचो आणि त्यात काही खटकतंय असं कुणालाही वाटायचं नाही. पेस्टलच्या कांड्यांत अशी तयार कातडी मिळत नाही हे मला फार उशिरा कळलं. तपकिरी, गेरू, नारिंगी, जांभळट, कुठे चक्क निळा अशा कांड्या एकावर एक घासत न्याव्या लागतात, बोटानं किती पुसायचं आणि किती तसंच ठेवायचं हे ठरवावं लागतं. जॉन्सनच्या चित्रात काळा वर्ण असा तयार होतो. लांबून एकसंध, जवळून दहा रंगांची बोलाचाली.

आणि नाव. ‘उभी आकृती’. पहुडलेल्या बाईचं चित्र असेल तर ‘पहुडलेली आकृती’. चित्रासाठी समोर थांबलेल्या माणसांची नावं जॉन्सन फारशी सांगत नाही. पहिल्यांदा मला हे खटकलं, कारण नाव नसणं ही तर जुनीच तक्रार. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत प्येर मिन्यारचं १६८२ चं एक चित्र आहे. त्यात राजा दुसऱ्या चार्ल्सची प्रेयसी लुईझ द केरुआल बसली आहे आणि एक काळी मुलगी तिला मोती आणि पोवळं देते आहे. चित्राच्या शीर्षकात त्या मुलीची नोंद आहे ‘अज्ञात सेविका’ अशी. तिचं नाव हरवलं, कारण ते लिहून ठेवावं असं कुणाला वाटलंच नाही. जॉन्सनच्या बाईचं नाव हरवलेलं नाही. ते तिच्याकडे आहे आणि तुम्हाला दिलेलं नाही. माझ्या मते फरक इथे आहे. दारात आलेल्या परक्या माणसाला आपण लगेच नाव-गाव सांगत नाही, आधी तो कोण ते विचारतो.

आता मुखवटे. आधुनिक चित्रकलेच्या कुठल्याही इतिहासात ते १९०७ साली येतात. पॅरिसच्या त्रोकादेरो इथल्या मानववंश संग्रहालयात पिकासो गेला, तिथे आफ्रिकेतून आणून ठेवलेल्या वस्तू त्यानं पाहिल्या, आणि ‘आव्हिन्योंच्या तरुणी’ या चित्रातल्या पाच बायकांपैकी उजवीकडच्या दोघींचे चेहरे मुखवट्यांसारखे झाले. ते चित्र १९३९ पासून न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. जवळजवळ अडीच मीटर उंच, आणि विसाव्या शतकातल्या कलेचं दार म्हणून जगभर शिकवलं जाणारं. आम्हालाही तसंच शिकवलं. स्लाइड बदलली, ‘आदिम ऊर्जा’ असा शब्द आला, आम्ही वहीत उतरवून घेतला. ते मुखवटे कुणी कोरले, कुठल्या सणाला घातले जायचे, पॅरिसला कसे पोचले, असं कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मुखवटा चेहऱ्यावर चढला की खालचा माणूस नाहीसा होतो. पिकासोच्या त्या दोन बायकांचं तेच झालं. आफ्रिका आली, आफ्रिकी बाई आली नाही. जॉन्सनच्या चित्रात मुखवटे आहेत, बाईही आहे, आणि दोन्ही वेगवेगळे आहेत. तिच्या तोंडावर काही चढलेलं नाही. १११ वर्षांनी कुणीतरी चेहरा आणि मुखवटा सुटे करून शेजारी ठेवले, असं मी या चित्राचं वाचन करतो. पिकासोवर सूड उगवलाय असं मला वाटत नाही. मुखवटे तिनं प्रेमानंच काढले असावेत. फक्त कोणाचं काय, याची वाटणी नीट करून घेतली आहे.

हा विचार २०१८ साली अचानक सुचलेला नाही. त्यासाठी वुल्व्हरहॅम्प्टनला जायला हवं.

क्लॉडेट जॉन्सनचा जन्म १९५९ चा, मँचेस्टरचा. कलाशिक्षण वुल्व्हरहॅम्प्टन पॉलिटेक्निकमध्ये. मध्य इंग्लंडमधलं हे कारखान्यांचं गाव. इनॉक पॉवेल इथलाच खासदार, ज्यानं १९६८ साली जवळच्याच बर्मिंगहॅममध्ये स्थलांतरितांच्या विरोधातलं ते कुप्रसिद्ध भाषण केलं. त्यानं ज्यांची धास्ती घातली होती त्यांचीच पोरं दहा-बारा वर्षांनी त्या गावात कला शिकत होती. एडी चेंबर्स, कीथ पायपर, मार्लीन स्मिथ, डॉनल्ड रॉडनी ही ‘ब्लॅक आर्ट ग्रुप’ या तरुण कृष्णवर्णीय कलावंतांच्या गटातली नावं, आणि जॉन्सन त्यातलीच. १९८१ साली ब्रिक्स्टन, टॉक्स्टेथ, हँड्सवर्थ या इंग्लंडमधल्या शहरी वस्त्या दंगलींत पेटून गेल्या होत्या. पुढच्या वर्षी, २८ ऑक्टोबर १९८२ ला, पॉलिटेक्निकमध्ये कृष्णवर्णीय कलावंतांची पहिली राष्ट्रीय परिषद भरली.

तिथे जॉन्सननं आपल्या कामाबद्दल आणि कलेत काळ्या बाईचं काय केलं गेलंय याबद्दल मांडणी केली. सभागृहात खडाजंगी झाली. वंशभेदाविरुद्धच्या लढाईत हा बायकांचा मुद्दा मध्येच कशाला, असा सूर काही पुरुषांचा होता. शेवटी बायका वेगळ्या बसल्या आणि त्यांनी आपली चर्चा पूर्ण केली. चळवळीच्या मांडवातली ही भांडणं मराठी वाचकाला अनोळखी नाहीत. ‘आधी समाजाचा प्रश्न, मग बायकांचा’ हे वाक्य आपल्याकडेही किती तरी मांडवांत ऐकू आलेलं आहे. ब्रिटनमधल्या काळ्या स्त्रीवादी कलेचा इतिहास लिहिताना लोक आज त्या बैठकीपाशी थांबतात.

त्याच १९८२ सालच्या तिच्या एका पेस्टल चित्राचं नाव मला फार आवडतं. मराठीत ते असं होईल: ‘आणि या कातडीत माझा माझा कारभार आहे’. ते आज शेफील्डच्या संग्रहालयात आहे. ‘त्रिधारा’ म्हणता येतील अशा तीन उभ्या बायका, एक निळ्यात, एक काळ्यात, एक लालमध्ये, तिनं १९८२ ते १९८६ या काळात काढल्या. त्या आर्ट्स कौन्सिल या सरकारी कलासंस्थेच्या संग्रहात आहेत.

१९८५ साली चित्रकर्ती लुबैना हिमिदनं लंडनच्या आयसीए म्हणजे ‘इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्स’मध्ये अकरा बायकांचं प्रदर्शन लावलं. जागा मिळाली ती मुख्य दालनात नव्हे, येण्याजाण्याच्या बोळात. प्रदर्शनाचं नाव होतं ‘बारीक काळी रेषा’, आणि जागा बघता ते नेमकं होतं. त्या अकरांत जॉन्सन होती, सोनिया बॉइस होती, इन्ग्रिड पोलार्ड, व्हेरोनिका रायन होत्या, आणि सुतपा बिस्वास आणि चिला कुमारी बर्मन या भारतीय वंशाच्या दोघीही होत्या. सुतपाचा जन्म तर शांतिनिकेतनचा. त्या काळच्या ब्रिटनमध्ये ‘ब्लॅक’ हा शब्द कातडीच्या छटेपेक्षा बाजू सांगायचा. कॅरिबियन, आफ्रिकी, भारतीय, पाकिस्तानी, सगळे त्या एका शब्दाखाली उभे राहायचे. शिवी म्हणून फेकलेला शब्द उचलून छातीवर लावायचा, ही गोष्ट आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव थेट अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं होतं.

यानंतर मात्र जॉन्सनच्या बाबतीत एक मोठी पोकळी आहे.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एक-दोन प्रदर्शनं झाली आणि मग जवळजवळ दोन दशकं ती चित्रजगताच्या नजरेआड गेली. मुलं वाढवणं होतं, नोकरी होती. ‘प्रतिभा कोमेजली’ वगैरे लिहिणाऱ्यांनी आधी एका खोलीत दीड मीटरचा कागद लावून, त्यावर पेस्टल घासून, ती भुकटी मुलांच्या जेवणात पडू न देता चित्र पुरं करून दाखवावं. मोठं ड्रॉइंग करायला मोठी भिंत लागते, आणि भिंतीला भाडं लागतं. पुन्हा हिमिदनंच पुढाकार घेतला आणि २०१५ च्या सुमाराला लंडनच्या एका खासगी गॅलरीतल्या सामूहिक प्रदर्शनातून जॉन्सन परत दिसू लागली. २०१७ साली तिथेच एकल प्रदर्शन. २०१९ साली ‘मॉडर्न आर्ट ऑक्सफर्ड’मध्ये मोठं प्रदर्शन झालं. तिच्या वाट्याला इतकं मोठं संस्थात्मक एकल प्रदर्शन आलं त्याला तीसेक वर्षं लोटली होती. आपल्या चित्राचा २०१८ हा आकडा या परतीच्या ऐन मधला आहे.

मग सगळं भराभर झालं. २०२३-२४ च्या हिवाळ्यात लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत तिचं ‘उपस्थिती’ या अर्थाच्या नावाचं प्रदर्शन लागलं. त्याच इमारतीत फ्रेंच चित्रकार गोगँचं १८९७ चं चित्र कायम असतं, ज्यात ताहितीची एक विवस्त्र मुलगी पलंगावर पडली आहे आणि तिच्या मागे कुजबुजणारी माणसं आहेत. एका जिन्याच्या अंतरावर जॉन्सनच्या बायका. २०२४ च्या टर्नर पारितोषिकाच्या, म्हणजे ब्रिटनमधल्या समकालीन कलेच्या नावाजलेल्या पुरस्काराच्या, अंतिम चार नावांत जॉन्सनचं नाव आलं. पारितोषिक जसलीन कौरला मिळालं. १९८५ च्या त्या बोळातल्या बायकांचा हिशेब मांडला तर हिमिदला टर्नर २०१७ साली, रायनला २०२२ साली, बॉइसला व्हेनिसच्या कला-द्वैवार्षिकीचा ‘सुवर्णसिंह’ पुरस्कार २०२२ साली, पोलार्ड आणि जॉन्सन अंतिम यादीत. बर्मनच्या निऑन दिव्यांनी २०२० साली टेट ब्रिटनचा सगळा दर्शनी भाग उजळला. बोळ बराच रुंद निघाला म्हणायचा.

याच काळातलं तिचं आणखी एक काम इथे नोंदवायलाच हवं, कारण त्याचा धागा मुंबईपर्यंत येतो. ‘गार्डियन’ या मूळच्या मँचेस्टरच्या वृत्तपत्रानं २०२३ साली स्वतःच्या संस्थापकांचा गुलामांनी पिकवलेल्या कापसाशी असलेला संबंध शोधून जाहीर केला आणि माफी मागितली. त्या उपक्रमासाठी जॉन्सननं सारा पार्कर रेमंडचं व्यक्तिचित्र केलं. रेमंड ही अमेरिकेतली कृष्णवर्णीय कार्यकर्ती. १८५९ साली ती मँचेस्टरला आली आणि गिरणीवाल्यांच्या गावात उभी राहून तिनं सांगितलं, की या कापसाचे पैसे तो वेचणाऱ्या हातांत पडत नाहीत. दोनच वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला, लँकेशायरच्या गिरण्या आपल्याकडे वळल्या आणि मुंबईत चांदीचा पाऊस पडला. कापसाचा बडा व्यापारी प्रेमचंद रायचंद, समुद्रात भराव घालायला निघालेल्या कंपन्या, शेअरचा तो वेडाचार, आणि १८६५ साली युद्ध संपताच सगळ्याचा कोसळलेला डोलारा, हे आपण मुंबईच्या इतिहासात चवीनं वाचतो. त्या कापसाच्या गाठीचं दुसरं टोक रेमंडच्या हातात होतं, हे मात्र मला या चित्रामुळे कळलं.

टेटच्या पैशाचीही अशीच गोष्ट आहे. हेन्री टेट हा साखरेचा कारखानदार, आपल्या भाषेत साखरसम्राट. साखरेच्या चौकोनी वड्यांनी तो गब्बर झाला. ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी कायद्यानं संपली तेव्हा तो शाळकरी वयाचा होता, त्यामुळे त्याला स्वतःला गुलामांचा मालक म्हणता येत नाही. पण कॅरिबियनमधला सगळा साखरधंदा कशावर उभा राहिला होता हे उघड आहे, आणि संग्रहालय आता ते स्वतः सांगतं. १८९७ साली टेम्सच्या काठावर, जुन्या मिलबँक तुरुंगाच्या जागी ही इमारत उघडली.

तर आता मूळ प्रश्न. चित्र संग्रहात आलं, म्हणजे काय झालं?

एक मिळालं ते टिकणं. आजीचा गाल माझ्या नळीत झडून गेला, या बाईचा झडणार नाही. ठरावीक तापमान, ठरावीक आर्द्रता, योग्य चौकट आणि हात लावण्याआधी दहा वेळा विचार करणारी माणसं. दुसरं मिळाली नोंद. उद्या कुणी विद्यार्थिनी पिकासोवर निबंध लिहायला बसली, तर शोधता शोधता तिला हे चित्र सापडेल. हे दोन्ही लहान फायदे नाहीत.

दिसण्याच्या बाबतीत मात्र माझा पूर्ण विश्वास बसत नाही. टेटनं सोनिया बॉइसचं एक चित्र १९८७ साली घेतलं. संग्रहात आलेली ती पहिली ब्रिटिश कृष्णवर्णीय स्त्री कलावंत. योगायोग असा की तेही कागदावरचंच काम होतं, जलरंग, पेस्टल आणि क्रेयॉन. तैलचित्र असतं तर दहा वर्षं एका भिंतीवर राहू शकलं असतं. कागदाला तशी मुभा नाही. म्हणजे ज्या कलावंतांनी परवडतं म्हणून, जवळचं वाटतं म्हणून, किंवा तैलरंगाच्या त्या सगळ्या भारदस्त परंपरेचा कंटाळा आला म्हणून कागद निवडला, त्यांच्या वाट्याला संग्रहात येऊनही कमी दिवसांचा उजेड येतो. संग्रहालयानं एकच काम घेतलं असेल, तर ते भिंतीवरून उतरल्या दिवशी तो कलावंत इमारतीतूनच नाहीसा होतो. मग लेबलवर काहीही लिहिलेलं असो.

याला उपाय आहे आणि तो अवघड नाही, महाग आहे. कागदावर काम करणाऱ्याची एकच चीज घेऊन भागत नाही, चार-पाच घ्यावी लागतात. एक भिंतीवर, बाकीच्या आत, आणि आळीपाळीनं बदल. घरातल्या एकुलत्या एका पैठणीनं सगळी लग्नं निभावता येत नाहीत. जॉन्सनच्या बाबतीत ही आळीपाळी नकळत देशभर विखुरली आहे. शेफील्डकडे १९८२ ची कातडी आहे, आर्ट्स कौन्सिलकडे तीन उभ्या बायका आहेत, आणि रग्बीसारख्या लहान गावाच्या संग्रहालयाकडे २०१७ ची एक ‘उभी आकृती’ आहे. राजधानीच्या मानानं या संस्था किरकोळ. पण मोठं प्रदर्शन लावायची वेळ आली, की त्यांचीच दारं ठोठवावी लागतात.

आणि कधी ‘उभी आकृती, आफ्रिकी मुखवट्यांसह’ भिंतीवर असेलच, तर एक सूचना. बाहेरच्या उजेडातून थेट त्या दालनात शिरलात तर पहिले काही क्षण धड दिसत नाही. ५० लक्सला डोळे सरावायला दोनेक मिनिटं लागतात. आधी मोठा आकार कळतो, मग गडद रंगांत तपकिरी आणि जांभळा वेगळे होतात, मग कांडीच्या रेघा. लोक बहुधा त्याच्या आतच पुढच्या चित्राकडे गेलेले असतात. घाई करू नका. ती उभीच आहे.